पुढच्या खोलीचा ढाळ

आमच्या पुढच्या खोलीत कोणी चाललं की स्वयंपाकघरात बसून कळायचं, कोण चाललंय ते. हे पहिल्यापासून नव्हतं. घराला सगळीकडे काळा कोबा होता, वर्षानुवर्षं पाय घासून गुळगुळीत झालेला, भर मे महिन्यातही गार, आणि कोब्यावर पाऊल वाजत नाही. पाऊल वाजायला लागलं ते आईच्या आजारपणात, पुढच्या खोलीत लॅमिनेटची फरशी आली तेव्हापासून. आईला जी औषधं चालू होती, त्यांनी तिच्या तळव्यांची अशी अवस्था केली होती की गार जमिनीला पाय टेकला की सुया टोचायच्या. मोजे घातले की ती घसरायची, आणि घरात चपला घालून फिरणं तिला कधी जमलंच नसतं. घरात चपला म्हणजे तिच्या हिशेबी देवळात चपला. मग बाबांनी कुठून तरी माहिती काढली, दोनदा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत खेपा घातल्या, आणि एके दिवशी टेम्पोतून फळ्यांचे खोके येऊन पडवीत उतरले.

फरशी बसवायला आलेला सुतार बोलका होता. खाली पातळ फोम अंथरायचा, त्यावर एका फळीची कड दुसरीच्या खाचेत अडकवत जायचं, खिळा नाही, गोंद नाही, आणि भिंतींच्या कडेने बोटभर जागा सोडून तिच्यावर पट्टी मारायची. आई खाटेवर बसून बघत होती. "ह्याला तरंगती फरशी म्हणतात, काकी," तो म्हणाला. "कुठेच बांधलेली नसते. पावसात फुगते, उन्हात आकसते. तिला हलायला जागा लागते." आईचं माहेर जयगडचं, अगदी खाडीच्या काठावरचं. ती म्हणाली, "म्हणजे एवढी लांब लग्न करून येऊन शेवटी होडीतच पाय ठेवायचा म्हणा की." सुतार हसला आणि जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "हिच्यावर पाणी ओतायचं नाही हां, काकी. फडकंसुद्धा घट्ट पिळून घ्यायचं." आईचा चेहरा पडला. दर शनिवारी ती पुढची खोली बादलीने पाणी ओतून धुवायची. खराट्याने पाणी ढकलत न्यायची, कोबा काळाभोर चकाकायचा, आणि मग तो वाळेपर्यंत आम्हांला कोणाला आत पाऊल टाकायची मुभा नसायची.

"मग ही धुवायची कशी?"

"धुवायची नाही."

"म्हणजे घाणीत राहायचं?" ती बाबांकडे बघून म्हणाली. पण सुतार गेल्यावर तिने खाटेवरून पाय खाली सोडले, आधी एक, मग दुसरा, आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. टोचत नव्हतं. तिने भिंतीला हात लावून खोलीला एक फेरी मारली, आणि टप, टप, टप असा तिच्या पावलांचा आवाज पहिल्यांदा घरभर ऐकू आला.

त्या आवाजाची आम्हांला सवय झाली. आत कुळथाची पिठी ढवळताना बाबा मध्येच हात थांबवायचे, कान द्यायचे, आणि म्हणायचे, "खिडकीशी गेली." फरशी खालून जराशी पोकळ असल्यासारखी दबायची, त्यामुळे आई चालली की खाटेशेजारच्या स्टुलावरच्या तांब्यातलं पाणी थरथरायचं. ते मला फार आवडायचं. मी बारावीचा अभ्यास त्याच खोलीत करायचे आणि पुस्तकातून डोकं वर न काढता तांब्याकडे बघून ओळखायचे, ती उठली की नाही. थंडी सरता सरता आई गेली. शेवटचे काही आठवडे ती खाटेवरून उतरलीच नव्हती, तरी फरशी आपली तिथेच, तिची वाट बघत असल्यासारखी.

हे सगळं मी आज त्याच खोलीत बसून लिहिते आहे. आता बाबाही गेले. घर आवरायला म्हणून मी आले आहे, पण आवरणं काही पुढे सरकत नाही. एक कपाट उघडते, अर्धं रिकामं करते आणि लिहायला बसते. त्या वर्षाचं लिहून काढावं असं पुष्कळ दिवस मनात होतं. बाबांना वाचून दाखवता आलं असतं तेव्हा लिहिलं नाही, ह्याचं वाईट वाटतं. पण त्यांनी ऐकता ऐकता मधेच "ते असं नव्हतं" म्हणून माझी लय मोडली असती, हेही खरं आहे.

आई गेल्यावर खाट बाबांनी दुसऱ्याच दिवशी माळ्यावर टाकली. त्या कोपऱ्यात फरशीवर खाटेच्या पायांचे चार ठसे राहिले. त्यानंतर बाबा पुढच्या खोलीत जाईनासे झाले. एकदम कळलं नाही ते मला. ते कामावरून आले की अंगणातून वळसा घेऊन परसातल्या दाराने घरात शिरत. मला वाटलं, पाय धुवायचे असतील. टीव्ही पुढच्या खोलीत होता, तो बघणं बंद झालं. वर्तमानपत्र स्वयंपाकघरात पाटावर बसून वाचत, जेवायचं तिथेच, आणि झोपायचं मधल्या खोलीत. एकदा पाहुणे आले म्हणून त्यांना पुढे जावं लागलं, तेव्हा मी मागून बघितलं: बाबा चवड्यांवर चालत होते. उंच, रुंद, जिल्हाभर डोंगर तुडवून जमिनींची मोजणी करणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात पाऊल वाजू नये म्हणून चवड्यांवर चालत होता. मग माझ्या लक्षात आलं, मीही तेच करत होते.

जेवण दोघांचंच. बाबांना येत होती ती कुळथाची पिठी आणि भात. पिठी त्यांना खरंच चांगली जमायची, लसणाची फोडणी खमंग, वर कोकमाचं एक आमसूल. पण रोज. मी मधूनच काहीतरी करायला जायचे आणि बिघडवायचे. मग बाबा शांतपणे म्हणायचे, "ठेव बाजूला, पिठी लावू," आणि आम्ही पुन्हा पिठी खायचो. चमच्यांचा आवाज सोडला तर घरात काही वाजत नव्हतं.

पुण्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करायचं हे माझं आणि आईचं ठरलेलं होतं. ती सातवी शिकलेली, पण लायब्ररीतून माझ्या नावावर आणलेलं प्रत्येक पुस्तक माझ्याआधी वाचून काढायची. निकाल लागला, मार्क चांगले पडले, आणि पुण्याच्या कॉलेजच्या यादीत नावही लागलं. त्या संध्याकाळी मी पाटावर बसून बाबांना सांगितलं, "मी इथल्याच कॉलेजला जाणार."

बाबा भात कालवत होते. "का?"

"इथेही बी.ए. होतं."

"होतं," ते म्हणाले. माझी अपेक्षा होती, ते रागावतील किंवा निदान समजावतील. त्यांनी ताट पुसून खाल्लं आणि उठले. मला वाटलं, सुटले एकदाचे. आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, ते कशासाठी हे मला त्या वयात सांगता आलं नसतं.

नंतरच्या रविवारी कासमचाचांकडचा माशांचा टँक आमच्या घरी आला. कासमचाचा आमचे शेजारी. उभी हयात कुवेतला काढून परत आले होते, आणि आता दिवसभर पडवीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करत. त्यांच्या मुलाने हौसेने मासे पाळायला मोठी काचेची पेटी करून घेतली होती. मग मुलगा दुबईला गेला, मासे मेले, आणि चाचींनी पेटीत कांदे-बटाटे भरले. ती पेटी बाबांनी मागून आणली. मिरजोळ्याच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी स्टँड करून घेतला. मी दारातून बघत राहिले. बाबा चवड्यांवर, कासमचाचा धपाधप पावलं वाजवत, दोघांनी ती पेटी आणून बरोबर खाटेच्या कोपऱ्यात ठेवली. स्टँडचे चार पाय खाटेच्या ठशांच्या जवळपासच आले. काचेला अजून कांद्याचा वास होता.

"मासे?" मी विचारलं. "कशाला?"

"असूं दे," बाबा म्हणाले. "घरात काहीतरी हलणारं असलेलं बरं."

मला वाटलं, हे त्यांनी स्वतःसाठी आणलं. बरं वाटायला लागलंय त्यांना. मी उत्साहाने काच धुतली, वाळू धुतली, आणि आम्ही तिघांनी विहिरीचं पाणी बादल्यांनी आत वाहिलं. बादली कुठे हिंदकळू नये म्हणून मी जीव मुठीत धरून चालत होते. नेमक्या त्याच वेळी अक्काआत्या आली. ती बाबांची मोठी बहीण, दोन आळ्या पलीकडे राहायची आणि दर रविवारी घावणे घेऊन यायची. उंबऱ्यात छत्री झटकत ती उभी राहिली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"काय गो रेवू, काय चाललंय हे? थेंबभर पाणी चालत नाही म्हणून वयनीच्या हातून बादली काढून घेतलीत, आणि आता त्याच फरशीवर तळं बांधताय?"

कासमचाचा खो खो हसले. बाबांच्या हातातली बादली तशीच राहिली. मलाही हसू आलं, आणि आई गेल्यानंतर त्या खोलीत कोणी हसलं ते पहिल्यांदाच, म्हणून मग मी गप्प झाले. "काचेत आहे ना पाणी, अक्का," बाबा म्हणाले आणि बादली ओतली.

पाणी वरपर्यंत आलं तेव्हा आम्ही सगळे मागे सरकून बघायला उभे राहिलो, आणि काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना एकदमच दिसलं. पाणी तिरकं होतं. म्हणजे पाणी आपलं सरळच होतं, पेटी तिरकी होती. पेटीच्या वरच्या कडेपासून पाणी एका बाजूला दोन बोटं खाली आणि कोपऱ्याच्या बाजूला जवळजवळ काठोकाठ. इतकी वर्षं त्या खोलीत राहून आम्हांला जे कधी दिसलं नव्हतं, ते पाण्याने चटकन दाखवलं. बाबांनी स्टँडच्या एका पायाखाली उरलेल्या फळीचा तुकडा पाचर म्हणून सारला. पाणी सरळ दिसायला लागलं. आम्ही घावणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीकडच्या बाजूने फळ्या उचकटल्या होत्या. एवढं वजन एका कोपऱ्यात बसलं, आणि त्यात पावसाने फुगलेली फरशी. तिला हलायला जागा पाहिजे होती ती राहिली नव्हती, म्हणून ती दुसऱ्या टोकाला वर आली होती. दोन फळ्यांमधली खाच उघडी पडली होती. मी बाबांना हाक मारली. ते आले, घाईत होते, चवड्यांवर चालायचं विसरले. टप, टप, टप. आणि प्रत्येक पावलाला पेटीतलं पाणी थरथरलं.

बाबा खोलीच्या मध्यावर थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पाण्याकडे बघत राहिले, कारण मला माहीत होतं ते कशाकडे बघतायत. त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं, मुद्दाम. पाणी हललं. मग ते वळले आणि परसात निघून गेले.

संध्याकाळी कासमचाचांनी खाली वाकून फरशी बघितली. "भाऊ, ही अशी नाही राहायची. एक दिवस काच तडकेल नि सगळं पाणी फळ्यांखाली जाईल. इथली फरशी उचला, पेटी खालच्या कोब्यावर ठेवा, बाकीची राहू द्या."

"फरशी काढायची नाही," बाबा म्हणाले.

"सगळी नाही म्हणत मी. कोपऱ्यापुरती."

"कोपऱ्यापुरतीसुद्धा नाही. तुमची पेटी घेऊन जा, कासमभाई. उगाच त्रास दिला तुम्हांला." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढायचा नाही. कासमचाचांनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. मला सुटल्यासारखं वाटत होतं. फरशी राहील, मासे येणार नाहीत, बाबा पाटावर बसून पिठी खातील, मी समोर बसेन. सगळं जसं आहे तसं राहील.

दोन दिवस पेटी तशीच भरलेली, पाचरीवर. मग अक्काआत्या मधल्याच वारी आली. कासमचाचांनीच तिच्या कानावर घातलं असणार. ती सरळ पुढच्या खोलीत गेली, पदर खोचून कोपऱ्यात उकिडवी बसली, भिंतीच्या कडेची पट्टी बोटाने चाचपली आणि म्हणाली, "बाळू, इकडे ये."

बाबा आले. तिच्यापुढे त्यांना यावंच लागायचं.

"इथे पाणी जायचं भोक होतं. आठवतंय का?"

बाबांना आठवेना, तशी ती माझ्या आजोबांच्या, अण्णांच्या, वेळचं सांगायला लागली.

"अण्णांनी कोबा घालून घेतला तेव्हा गवंड्याला बसवून ढाळ काढून घेतलान सगळ्या खोलीला. ह्या कोपऱ्याकडे. धुतलं की पाणी इकडे यावं आणि भोकातून अंगणात जावं म्हणून. तुझी बायको दर शनवारी पाणी लोटायची ती कुठे लोटायची असं वाटलं तुला? आभाळात? सगळा जिल्हा मोजलास रे, नि स्वतःच्या घराचा ढाळ तुला कळला नाही!"

बाबांनी वाकून ती पट्टी चाचपली. मग "ती धुवायची तेव्हा मी कधी घरात नसायचो," म्हणाले.

अक्काआत्या उठली. मला वाटलं होतं आणखी बोलेल, पण तिने नुसता बाबांच्या दंडावर हात ठेवला. "ही फरशी तू तिच्या पायांसाठी आणली होतीस. पूजेला नव्हे," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लायब्ररीतून आले तर घरात कसला तरी कटकट आवाज येत होता. पेटी रिकामी करून मधल्या खोलीत सरकवली होती. बाबा पुढच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसले होते, शर्ट काढून, बनियनवर. भिंतीची पट्टी त्यांनी उपटली होती आणि कोपऱ्यातली पहिली फळी हातात घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "धर ग जरा." मी पुस्तकं खाली ठेवली. फळी जरा तिरकी उचलली की ती खाचेतून सुटायची, खिळा नाही, गोंद नाही, काही तोडावं लागत नव्हतं. हे मला आधी माहीत असतं तर, असं काहीसं वाटून गेलं. बाबा एक एक फळी सोडवत होते आणि माझ्या हातात देत होते, मी ती भिंतीशी उभी करत होते. फोम वर काढला तर खालून कुबट वास आला. त्याच्याखाली कोबा होता, काळा, ओलसर. बाबांनी त्यावर तळहात टेकला.

"रेवू," ते कोब्याकडेच बघत म्हणाले, "हे मासे मी तुझ्यासाठी आणणार होतो."

"मला नकोत मासे."

"तुला बघायला नव्हे. तू जावंस म्हणून. घरात माझ्या सोबतीला काहीतरी आहे असं दिसलं की जाशील, असं वाटलं."

हातातली फळी तशीच धरून मी म्हटलं, "म्हणजे तुम्हांला मासे आवडत नाहीत?"

"आवडतात की," बाबा म्हणाले. "ताटात."

आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसताच मी रडायला लागले. बाबा उठले नाहीत, जवळही आले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नव्हती. ते म्हणाले, "आत जाऊन तांब्याभर पाणी आण." मला वाटलं मला प्यायला. मी आणलं तर त्यांनी तांब्या घेतला आणि उघड्या पडलेल्या कोब्याच्या वरच्या टोकाला सगळं पाणी ओतलं.

पाणी आधी पसरलं, मग जरासं थांबलं, आणि मग कोणीतरी बोट धरून न्यावं तसं कोपऱ्याकडे निघालं. सुताराने भोक सिमेंटने बुजवून टाकलं होतं. पाणी तिथे साठलं. बाबांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सिमेंट टोकरायला सुरुवात केली. पुष्कळ वेळ लागला. मग एकदम गुळगुळ आवाज झाला, पाणी भिंतीतून बाहेर गेलं आणि अंगणात अबोलीच्या वाफ्यात पडलेलं आम्हांला ऐकू आलं. बाबा कान देऊन ऐकत होते. "आणखी आण," ते म्हणाले. मी तांब्याऐवजी बादली आणली. मग खराटाही आणला. उघडा पडलेला तो कोपरा आम्ही दोघांनी, जसा शनिवारी धुतला जायचा तसा, धुऊन काढला. बाबांना खराटा धरता येत नव्हता, ते पाणी उलटंच ढकलत होते, आणि मी त्यांना दाखवलं कसं ढकलायचं ते.

पुढचं काम बाबांच्या हातचं होतं. एकदा ढाळ कळल्यावर त्याच्यावर सपाट कसं बांधायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. परसात पडलेले जांभ्याचे चिरे आणून त्यांनी कोपऱ्यात बुटका चौथरा बांधला, भोक मोकळं ठेवून, आणि पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना धरून त्याची पातळी बघितली. एक टोक मी धरलं. एक चिरा त्यांनी कितीदा उचलून पुन्हा बसवला, ते मला बघवेना. चिऱ्यावर स्टँड, स्टँडवर पेटी, आणि ह्या वेळी पाणी भरलं तेव्हा ते काठाला समांतर उभं राहिलं. उरलेली फरशी खोलीभर तशीच ठेवली, कोपऱ्याशी बोटभर जागा सोडून. आता कोणी तिच्यावरून चाललं तर पाऊल वाजायचं, पाणी मात्र हलायचं नाही.

कासमचाचांनी मासे निवडून दिले, नारिंगी, आणि काही बारके काळे. बाबांनी त्यांना नावं दिली नाहीत. अक्काआत्याने एकदा पेटीला डोळे लावून बघितलं आणि म्हणाली, "एवढुशे मासे कालवणाला कोण साफ करत बसणार!" पहिले काही दिवस बाबा सकाळी चहाचा कप घेऊन दारातच उभे राहून बघायचे. मग उंबऱ्याच्या आत. मग एकदा स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून कान दिला. टाचेपासून पुरतं टेकलेलं, जड, मोजणीदाराचं पाऊल. मी पुण्याच्या कॉलेजला, येते म्हणून कळवून टाकलं.

जायच्या दिवशी बाबा एस.टी. स्टँडवर सोडायला आले. बसच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी मला बिस्किटांचा पुडा दिला आणि म्हणाले, "गणपतीला ये." बस हलेपर्यंत आम्ही दोघंही दुसऱ्या बाजूला बघत होतो. घाट चढताना मला सारखं वाटत होतं, आता ते परसाच्या दाराने घरात शिरत असतील. पुण्यात पोचल्यावरही तेच. होस्टेलच्या खोलीत ट्रंक पलंगावर ठेवली आणि तिचं कुलूप काढलं नाही. मनाशी म्हटलं, फोन करते, आणि त्यांचा आवाज जरा जरी पडलेला वाटला, तर सकाळच्या गाडीने परत.

पुष्कळ वेळ घंटा वाजली. मग बाबांचा आवाज आला, आणि त्यांच्यामागे आणखी कितीतरी आवाज.

"पोचलीस?"

"पोचले. तुम्ही जेवलात?"

"जेवतोय. अक्का आलीय, कासमभाई आलेत. पुढच्या खोलीत बसलोय सगळे."

मागून अक्काआत्या ओरडली, "विचार तिला, बसमध्ये उलटी झाली का!" आणि कासमचाचा तिच्याही वर, "अहो, एवढं खाणं टाकू नका त्यांना, मारून टाकाल!"

"झाली का उलटी?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"बरं. आता ठेवू का? अक्का त्या माशांना घावण्याचे तुकडे घालायला निघालीय." आणि माझं उत्तर यायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

मी फोन ठेवून खोलीत आले. घर माझ्याशिवाय जेवत होतं. मग मी ट्रंकेचं कुलूप काढलं आणि कपाटात कपडे लावायला घेतले.